ओएम ३५२चे सुटे भाग : कुठली वाट कितपत भरवशाची

मर्सिडीझ-बेन्झचं ओएम ३५२ हे डिझेल इंजिन १९६४ साली ट्रकांत आलं. सहा सिलिंडर, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ९७ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल १२८ मिमी, एकूण ५६७५ सीसी, थेट इंजेक्शन, फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. एल १११३ ट्रक, युनिमॉगचे ४०६ आणि ४१६, शेतातली यंत्रं, जनरेटर अशा कितीतरी जागी ते बसलं. टाटाचं ६९७ही याच ९७ बाय १२८च्या घराण्यातलं. एवढं पसरलेलं इंजिन म्हटल्यावर पार्टांची ददात नसावी असं कुणालाही वाटेल. ददात आहे, पण वाटते त्या जागी नाही.

जे झिजतं ते मिळतं. पिस्टन, रिंगा, लायनर (सिलिंडरच्या आतली नळी), क्रँकची मेन आणि बिग एंडची बेअरिंगं, व्हॉल्व्ह, गॅस्केट यांना कायम गिऱ्हाईक होतं, म्हणून ते आजही नवे बनतात. घोडं अडतं ते कधीच न झिजणाऱ्या ओतीव भागांपाशी: एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टायमिंग कव्हर, वॉटर पंपाची बॉडी, थर्मोस्टॅटचं घर, कॉम्प्रेसरचं ब्रॅकेट, क्रँकची पुढची पुली. हे भाग विकले जात नव्हते म्हणून कुणी साठवले नाहीत, आणि आता तडकले की शोध सुरू होतो. त्यामुळे इंजिन खोलण्याआधी यादी करायची असेल तर उलटी करावी. आधी ओतीव भाग तपासायचे, ते धड असले तरच पुढच्या खर्चात पडायचं. पिस्टनचा डबा आणून ठेवला आणि मग ब्लॉक तडकलेला निघाला, ही चूक फार नेहमीची आहे.

भाग मिळवायच्या वाटा चार: दुकानात वर्षानुवर्षं पडलेला जुना पॅक माल, आजच्या कारखान्यांचे नवे सेट, मोडीत काढलेल्या इंजिनातून निघालेला माल, आणि काहीच मिळालं नाही तर वर्कशॉपमध्ये बनवून किंवा दुरुस्त करून घेणं. कुठली वाट चांगली, हा प्रश्न भागागणिक विचारावा लागतो.

नंबर वाचता आला पाहिजे

दुकानदाराला ट्रकचं मॉडेल सांगू नये, इंजिन सांगावं. त्याहून बरा पार्ट नंबर. मर्सिडीझचा नंबर म्हणजे 'ए' हे अक्षर आणि पुढे दहा आकडे. त्यातले पहिले तीन आकडे, तो भाग मुळात ज्या इंजिनासाठी आखला त्याचे. पुढचे तीन गटाचे: ०१ने सुरू होणारा गट ब्लॉक-हेड-गॅस्केटचा, ०३ क्रँक-पिस्टनचा, ०५ व्हॉल्व्ह आणि कॅमचा, ०७ इंजेक्शनचा, १४ मॅनिफोल्डचा, १८ ऑइलचा, २० पाण्याचा. उरलेले चार आकडे त्या भागाची आवृत्ती सांगतात.

यातली मेख पहिल्या तीन आकड्यांत आहे. डब्यावर ३५२च्या ऐवजी ३१४ किंवा ३२१ दिसलं की लोक 'हा आपला नाही' म्हणून डबा परत देतात. ३१४ हा ३५२चा चार सिलिंडरवाला धाकटा भाऊ, बोअर-स्ट्रोक तोच, ३७८४ सीसीचा, एल ६०८ डी मध्ये असायचा. त्याचे आणि ३५२चे पिस्टन, लायनर, व्हॉल्व्ह बरेचसे सामाईक. म्हणजे ३५२चा पिस्टन सापडत नसेल तर ३१४च्या नावाने शोधावा; चार-चारचे दोन सेट घेतले की सहा लागतात, उरलेले दोन हाताशी राहतात. फक्त सहाही एकाच मेकचे आणि एकाच वजनाचे आहेत हे पाहायचं. याउलट पुढे आलेलं ओएम ३६६ दिसायला सख्खं वाटतं, पण बोअर ९७.५ आणि स्ट्रोक १३३. त्याचा पिस्टन किंवा क्रँक इथे चालत नाही. 'थोडं घासून बसेल' असं जो विक्रेता म्हणेल त्याच्याकडून नटसुद्धा घेऊ नये. आणखी एक: टर्बोवालं ३५२ ए निराळं. त्याचे पिस्टन साध्या ३५२च्या डब्यात मिसळलेले निघतात, तेव्हा वरचा खड्डा आणि उंची मोजूनच घ्यावे.

जुना पॅक माल

वीस-तीस वर्षं डब्यात राहिलेला अस्सल माल दिसला की माणूस भाळतो. भाळायला हरकत नाही, पण धातू आणि रबर यांचं म्हातारपण वेगळं असतं.

धातूचे भाग, म्हणजे गिअर, पुशरॉड, टॅपेट, रॉकर शाफ्ट, ऑइल पंपाचे गिअर, तेलकट कागदात गुंडाळलेले असतील तर डोळे मिटून घ्यावेत. यात जुन्या मालाला तोड नाही. आमच्या हिशेबी दहापैकी नऊ. पिस्टनही बहुधा ठीक निघतात, मात्र रिंगेच्या खाचेत पांढरी पूड दिसली तर ती ॲल्युमिनियमला लागलेली कीड आहे. नखाने निघाली तर निघाली. खाली खड्डे असतील तर तो पिस्टन नको, कारण रिंग खाचेत सपाट बसणार नाही आणि गॅस खाली उतरेल.

रिंगा मात्र एकेक करून पाहाव्यात. डबा उघडल्यावर वरची रिंग चकचकीत असते. गंज धरतो तो मधल्या रिंगांना, जिथे दोन रिंगांच्या मध्ये कागद ओलसर राहून चिकटलेला असतो. प्रत्येक रिंग डिझेलमध्ये धुऊन, कोरडी करून, बाहेरच्या धारेवरून अंगठ्याचं नख फिरवावं. नख कुठेही अडलं तर तो गंजाचा खड्डा, आणि असा एक खड्डाही लायनरला उभी रेघ पाडतो. मग रिंग लायनरमध्ये सरळ उतरवून, पिस्टनच्या डोक्याने ढकलून, तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचा. ९७ मिमी बोअरला वरच्या रिंगेची फट साधारण ०.३ ते ०.४ मिमी यायला हवी. नेमका आकडा मॅन्युअलचा धरावा. फट कमी पडली तर बारीक कानशीने वाढवता येते. जास्त आली तर रिंग तरी चुकीची किंवा लायनर तरी संपलेला.

बेअरिंगच्या जुन्या डब्यांचं जरा जपून. आतल्या बाजूचा वरचा थर शिशा-कथिलाचा, मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशाएवढा पातळ. तो काळवंडला असेल तर चालतं. पांढरट भुकटी सुटत असेल तर नाही. पाठीमागे लोखंडाला गंज असेल तर शेल, म्हणजे बेअरिंगची अर्धगोल पाकळी, घरात पूर्ण टेकत नाही, उष्णता बाहेर पडत नाही. काही मिस्त्री असा शेल पॉलिश पेपरने साफ करतात. पेपर फिरला की तो थर गेला, आणि बेअरिंगचा जीव त्या थरातच असतो.

रबर आणि गॅस्केट? दहापैकी दोन, तेही डब्यावरचा नंबर वाचायला मिळतो म्हणून. नायट्राइल रबराचा सील डब्यात पडून कडक होतो. ओठ नखाने वाकवून पाहावा. लगेच परत आला नाही किंवा बारीक चिरा दिसल्या तर क्रँकवर तो आठवडाही टिकणार नाही. जुन्या हेड गॅस्केटचं आतलं अस्तर ठिसूळ होतं, सिलिंडरभोवतीच्या पत्र्याच्या कड्याखाली गंज शिरतो. शिवाय त्या काळच्या गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असायचं. जुनं गॅस्केट खरवडताना ओलं करूनच खरवडावं, कोरडं घासून धूळ उडवू नये.

नवे सेट

माहले, कोल्बेनश्मिट, ग्लायको, गोट्झे, एलरिंग, राइन्झ ही नावं या इंजिनाच्या पिढीला जुनी आहेत, आणि त्यांचे कॅटलॉग वाचता येणं हाच अर्धा शोध. पिस्टनच्या कॅटलॉगमध्ये इंजिनाचं नाव सापडलं नाही तरी मापांवरून पोचता येतं: व्यास, गजन पिनचा व्यास, पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची, रिंगांच्या जाड्या, वरच्या खड्ड्याचा व्यास आणि खोली. ही मापं कागदावर लिहून मगच फोन करावा.

नाव नसलेल्या साध्या खोक्यातल्या सेटांना सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांत चांगलेही असतात. पण तपासायचं आपण. पहिली तपासणी वजनकाट्यावर: सहा पिस्टनांतला सर्वांत जड आणि सर्वांत हलका यांत पाच ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. दुसरी, पिनपासून डोक्यापर्यंतची उंची. इथे चूक किती महागात पडते याचा हिशेब करून पाहा. एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम सुमारे ९४६ सीसी. कॉम्प्रेशन १७:१ धरलं तर पिस्टन वर असताना उरणारी जागा ५९ सीसी. उंची ०.३ मिमीने कमी असेल तर ही जागा सव्वादोन सीसीने वाढते आणि कॉम्प्रेशन १६.४ वर येतं. थंडीत सकाळी पांढरा धूर, उशिरा स्टार्ट. मग पंपवाल्याला दोष दिला जातो, नोझल बदलले जातात, आणि खोट पिस्टनमध्येच राहते. उंची उलट बाजूला चुकली तर पिस्टन हेडला टेकतो, ते तर विचारायलाच नको.

लायनर घेताना एकच प्रश्न: फिनिश की सेमी-फिनिश? या इंजिनाचा लायनर कोरडा, म्हणजे पाणी त्याला थेट लागत नाही. उष्णता ब्लॉकच्या भिंतीतून जाते. सेमी-फिनिश लायनर दाबून बसवल्यावर बोअर आणि होन करावाच लागतो, म्हणजे आतून कापून-घासून मापात आणावा लागतो. तो फिनिश समजून थेट पिस्टन घातला की पिस्टन जॅम. आणि बाहेरचा व्यास ढिला असला तर मध्ये हवेची फट राहते, तेवढा पट्टा तापतो, पिस्टन तिथेच पकडतो. बसवण्याआधी ब्लॉकचं भोक बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचं, म्हणजे एका भोकाची सहा मापं. याला तासभर लागतो म्हणून टाळलं जातं.

व्हॉल्व्हला एक सोपी चाचणी आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या डोक्याला लोहचुंबक लावून पाहावं. उष्णता सोसणाऱ्या ऑस्टेनिटिक पोलादाचं डोकं चिकटत नाही, दांडी चिकटू शकते, कारण बऱ्याचदा ती वेगळ्या पोलादाची जोडलेली असते. जुन्या अस्सल व्हॉल्व्हचं डोकं चिकटत नाही आणि नव्याचं चिकटतं, तर नवा हलक्या धातूचा आहे.

एकूण नव्या सेटांना सात. वजा तीन यासाठी की मोजमापाचं सगळं ओझं गिऱ्हाइकावर पडतं.

नोझल आणि पंप : इथे हयगय नको

नोझलच्या अंगावर बारीक अक्षरं कोरलेली असतात. भिंग घेऊन वाचावीत. बॉशच्या नोझलवर 'डीएलएलए १५० एस' अशा धर्तीचं लिहिलेलं असेल, तर डीएलएल म्हणजे लांब मानेचं, भोकांचं नोझल. १५० हा फवाऱ्याचा कोन अंशांत. 'एस' किंवा 'पी' हा आकाराचा वर्ग. पुढचा आकडा नेमक्या आवृत्तीचा. अंगलट येतो तो कोन. १४० अंशाचं नोझलही त्याच होल्डरमध्ये बिनतक्रार बसतं, चाचणी यंत्रावर फवाराही छान काढतं. इंजिनात मात्र डिझेल पिस्टनच्या खड्ड्यात जिथे पडायला हवं तिथे न पडता खाली पडतं, काळा धूर येतो, आणि चालवतच राहिलं तर पिस्टनचं डोकं जळतं. 'डीएन ० एसडी' असं लिहिलेलं नोझल हे प्री-चेंबरवाल्या (डिझेल आधी वेगळ्या छोट्या कप्प्यात सोडणाऱ्या) जुन्या इंजिनांचं, या इंजिनाचं नव्हेच.

पंपाच्या पाटीवरही असंच सगळं लिहिलेलं असतं. 'पीईएस ६ ए ९० डी' म्हणजे फ्लँजने बसणारा, सहा सिलिंडरचा, 'ए' आकाराचा, आणि ९० म्हणजे प्लंजरचा व्यास ९.० मिमी. पाटी निघालेली असेल तर पंप घेऊच नये. मोडीतल्या इंजिनाचा पंप घ्यायचा असेल तर गव्हर्नरसकट (वेग आवरणाऱ्या भागासकट), पाटीसकट घ्यावा. तसाच डब्यातला जुना नोझलही थेट बसवू नये. आतलं संरक्षक तेल घट्ट होऊन सुई अडकलेली असते. डिझेलमध्ये रात्रभर भिजवून, सुई काढून, ४५ अंश तिरकी धरून सोडावी. स्वतःच्या वजनाने हळूहळू घसरत खाली आली तर ठीक. हाताचा स्पर्श सुईच्या दांडीला नको, आणि एका नोझलची सुई दुसऱ्यात कधीच नाही. त्या जोड्या एकत्र घासून जुळवलेल्या असतात.

मोडीतला माल

ओतीव भागांसाठी खरी वाट हीच, आणि गंमत अशी की ट्रकांच्या मोडीपेक्षा शेतयंत्रं आणि जनरेटरांच्या मोडीत चांगला माल निघतो. जनरेटर कमी तास चाललेला असतो, एकाच वेगावर चाललेला असतो, आणि पाण्याबद्दल बहुधा कुणीतरी काळजी घेतलेली असते. पण समोरची बाजू, सम्प आणि फ्लायव्हील हाउसिंग वेगळं असू शकतं, ते भोकं मोजून पाहावं.

हेड घेताना दोन व्हॉल्व्हच्या मधली चिंचोळी जागा पाहावी; तडा तिथे जातो. साध्या डोळ्याला दिसतो तो तडा उशिरा दिसतो. हेड पाण्याच्या वाटा बंद करून, गरम पाण्यात बुडवून, हवेच्या दाबाखाली तपासून घ्यावं, शिवाय मॅग्नेटिक चाचणी. हे दोन्ही करू देत नसेल तर 'चालू हेड आहे' या शब्दाला किंमत नाही. सहा सिलिंडरचं एकच लांब हेड, त्यामुळे ते वाकतं. लांबीभर सरळ पट्टी आणि फीलर लावून पाहावं. किती वेळा प्लेन केलं आहे, म्हणजे खालून घासून सपाट केलं आहे, तेही विचारावं, कारण प्रत्येक प्लेनिंगने हेड पातळ होतं आणि नोझलचं टोक खाली जास्त बाहेर येतं. ते तांब्याच्या जाड वॉशरने मागे आणता येतं, पण किती मागे आलं ते मोजूनच.

कनेक्टिंग रॉड जोडीने घ्यावेत, म्हणजे रॉड आणि टोपी एकाच नंबरची. बोल्ट मात्र जुने नकोत. ते घट्ट करताना ताणलेले असतात, मान बारीक झालेली असते. वर्नियरने मानेचा सर्वांत बारीक भाग मोजला की कळतं. मोडीतल्या मालाला सहा, पण मॅनिफोल्ड आणि कव्हरांसाठी नऊ, कारण दुसरा पर्याय नाही.

वर्कशॉप

क्रँक ग्राइंड करायला टाकण्याआधी बेअरिंग हातात हवं. ग्राइंड केलेल्या बारीक क्रँकला बसणारी, म्हणजे अंडरसाइझ, बेअरिंगं मेट्रिक इंजिनांना बहुधा ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० मिमी अशी मिळतात. शेवटचे दोन दुर्मीळ. आधी ग्राइंड करून मग ०.७५ शोधत फिरणं म्हणजे क्रँक हातचा घालवणं. ऑर्डर देताना सगळे सांगतात व्यास, कुणी सांगत नाही तो फिलेट, म्हणजे जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) कोपऱ्यातली गोलाई. ग्राइंडिंग व्हीलची धार चौकोनी असेल तर कोपरा तीक्ष्ण होतो, आणि क्रँक तुटतो तो नेमका तिथून. परत घेताना रेडियस गेज लावावं. व्यासही तीन ठिकाणी मोजावा. एका टोकाला निमुळता झाला असेल तर परत द्यावा.

तडकलेल्या ब्लॉक-हेडला पिनांची थंड शिलाई, म्हणजे वेल्ड न करता तड्यावर ओळीने पिना बसवणं, हा चांगला उपाय आहे, तडा व्हॉल्व्ह सीटपासून दूर असेल तर. मॅनिफोल्डची वेल्डिंग सगळा भाग सावकाश तापवून, निकेलच्या रॉडने, आणि नंतर चुन्यात किंवा राखेत पुरून हळूहळू थंड करूनच टिकते. थंड बीडावर वेल्ड केलेला मॅनिफोल्ड वेल्डच्या शेजारी पुन्हा तडकतो.

नवा मॅनिफोल्ड ओतून घ्यायचा असेल तर जुनाच साचा म्हणून वाळूत दाबू नका. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आखडतं. ७०० मिमी लांबीवर ७ मिमीची तूट, म्हणजे शेवटच्या पोर्टची भोकं हेडच्या स्टडला मिळणारच नाहीत. साचा तेवढा मोठा करावा लागतो आणि फ्लँजवर मशीनिंगसाठी मटेरियल सोडावं लागतं.

टायमिंगचा गिअर बनवून घेणं जमतं, पण तिरक्या दात्यांचा गिअर कापणाऱ्याला दात्यांची संख्या, मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप), दाबकोन, तिरकेपणाचा कोन आणि डावा की उजवा हे सगळं द्यावं लागतं. मॉड्यूल म्हणजे बाहेरचा व्यास भागिले (दाते अधिक दोन), हे सूत्र सरळ दात्यांचं. तिरक्याला ते लावलं की गिअर पहिल्याच फेरीत गुरगुरतो. बनवलेल्या गिअरला कडक करून घेतलंच पाहिजे, आणि कडक करताना तो थोडा वाकतो, म्हणून शेवटी ग्राइंडिंग.

वॉटर पंप आणि फॅनच्या बेअरिंगांसाठी यातलं काहीच नको. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६३०४ म्हणजे शेवटच्या ०४ला पाचने गुणून २० मिमीचा शाफ्ट, बाहेरून ५२, रुंदी १५. कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळतं, मर्सिडीझचं नाव घ्यायची गरजही नाही. सीलही तसाच, आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी, ओठाची दिशा. क्रँकला नायट्राइलच्या ऐवजी उष्णता जास्त सोसणारा व्हायटन मागावा. शाफ्टला सीलने खाच पाडलेली असेल तर नवा सील एक-दोन मिमी आत किंवा बाहेर बसवला की ओठ ताज्या पृष्ठभागावर येतो.

विक्रेता ओळखायचा कसा, तर तो काय विचारतो त्यावरून. 'मेन बेअरिंग आहे का?' म्हटल्यावर ज्याने 'आहे' म्हटलं त्याच्यापेक्षा ज्याने 'स्टँडर्ड की किती अंडरसाइझ, आणि जर्नल मोजलंय का?' असं विचारलं त्याचा डबा उघडावा. फोटो पाठवताना इंजिन नंबरचा, ओतीव भागावरच्या उठावाच्या नंबराचा आणि वर्नियर लावलेल्या जुन्या भागाचा, असे तीन पाठवावेत. नवा भाग बसवून, इंजिन गरम होऊन, टॅपेट पुन्हा सेट होईपर्यंत जुना भाग फेकू नये. तुटका असला तरी त्याच्यावरची मापं आणि नंबर दुसरीकडे कुठेच लिहिलेले नसतात.